राखून ठेवलेला राग

४ मार्च

प्रिय धाकटे,

मी, तुझा थोरला भाऊ, वय छप्पन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि विमा कंपनीच्या दावे विभागाचा प्रमुख, हे पत्र एका निश्चित हेतूने लिहीत आहे. हेतू असा की गेल्या महिन्यात फोनवर आपल्यात जे झाले ते पुन्हा होऊ नये. आणि ज्या विषयावर मी तुझ्याशी आजवर एकदाही बोललो नाही, त्यावर निदान लिहावे.

प्रथम घटना, माझ्या समजुतीप्रमाणे. कृत्रिम पाय बनवणाऱ्या तुमच्या कार्यशाळेत संचालकांनी तुला न विचारता तुझा मदतनीस दुसऱ्या विभागात हलवला. तू तिथल्या तिथे राजीनामा लिहून त्यांच्या टेबलावर ठेवलास आणि मला फोन केलास. मी "जरा शांत हो" असे म्हणालो. तू फोन आपटलास. पुढच्या आठवड्यात राजीनामा परत घेतलास, आणि संचालकांनी तो हसत परत दिला. ते हसणे तुला सर्वांत जास्त लागले, असे तुझी वहिनी सांगते.

काल तिने, तुझ्या परवानगीने, मला हेही सांगितले की तू डॉक्टरांकडे गेली होतीस, आणि दर महिन्याला पाळीच्या आधीच्या दिवसांत होणारा हा त्रास वैद्यकशास्त्राला चांगला परिचित आहे. तू पाठवलेले माहितीपत्रक मी दोनदा वाचले. दुसऱ्या वाचनाच्या वेळी हातात पेन्सिल होती. "अहो, परीक्षा नाहीये," असे तुझी वहिनी म्हणाली. 'पाळी' हा शब्द वर लिहिताना मला थांबावे लागले, हे मान्य करतो. थांबलो आणि लिहिला.

माझा प्रश्न एकच आहे. उपदेश वगळून मी काय करू शकतो? उत्तर लेखी द्यावे, कारण फोनवर तू चिडतेस आणि मी चुकीचे बोलतो.

तुझा दादा

ता. क. हे पत्र तीनदा लिहून काढलंय तुझ्या दादाने. हसलीस तरी चालेल, पण उत्तर दे गं. — वहिनी


९ मार्च

प्रिय दादा,

"वय छप्पन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर"! अरे, मला माहीत आहे. तुझ्या पदवीच्या फोटोत तुझा कोट धरून भोकाड पसरलेली सहा वर्षांची मुलगी मीच ना? मोठ्याने हसले तुझं पत्र वाचून, आणि मग थोडी रडलेही. पण हे रडणं साधं होतं, "ते" नव्हतं. आता मला फरक कळायला लागलाय.

तू विचारलंस म्हणून सांगते. महिन्याचा अर्धा भाग मी मीच असते. मग एका सकाळी उठते तेव्हा अंग सुजल्यासारखं, छाती दुखरी, ब्लाउजचे हूक लागत नाहीत. झोप तुटक. चहाचा कप कुणी जोरात ठेवला तरी कपाळात जातं. एखादा माणूस साधं "झालं का?" म्हणतो आणि मला ऐकू येतं, "तुला काही जमत नाही." मग मी जे बोलते ते बोलते. आणि पाळी आली की एका दिवसात आभाळ मोकळं होतं, आणि मी जिथे-तिथे माफ्या मागत हिंडते. हे सगळ्यात वाईट, दादा. त्रासापेक्षा माफ्यांनी माणूस लहान होतो.

डॉक्टरीणबाई भल्या आहेत. म्हणाल्या, "हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत आणि तुमचा स्वभावही नाही. शरीरातली संप्रेरकं महिन्यात वर-खाली होतात, ती सगळ्यांचीच होतात. काहींच्या मेंदूला तो चढउतार जास्त जाणवतो." दोन महिने रोज संध्याकाळी कसं वाटलं ते टिपून आणायला सांगितलंय, म्हणजे नक्की हेच आहे की आणखी काही, ते कळेल. भरभर चालायचं, झोपेची वेळ पाळायची, चहा-कॉफी आणि मीठ कमी. एवढ्याने भागलं नाही तर समुपदेशन आणि गोळ्याही आहेत, लाजायचं नाही. आणि एक बजावून सांगितलं: जगणंच नको असं वाटलं तर वाट बघायची नाही, तडक यायचं. तसं मला वाटलेलं नाही. वहिनीला सांग, ती विचारणार.

आता तू काय करू शकतोस? हे ऐक. त्या दिवसांत मला लिहिल्याशिवाय राहवत नाही: राजीनामे, तक्रारी, खरमरीत चिठ्ठ्या. मी त्या संचालकांना न देता तुझ्याकडे पाठवीन. तू कपाटात ठेवायच्या. पाळी आली की मी कळवीन, "पाठव" किंवा "फाड". तोपर्यंत कुठेही द्यायच्या नाहीत. त्या दिवसांत मी कितीही "ताबडतोब पाठव" म्हटलं तरी ऐकायचं नाही, कारण ताबडतोबच तर मला नडतं. आणि त्या दिवसांत फोनही नको, तुझ्या "जरा शांत हो"ने मी तुझ्या घरी येऊन तुझी पेन्सिल मोडीन.

जमेल ना, दावे विभागाचे प्रमुख?

तुझी धाकटी


३० मार्च

प्रिय धाकटे,

व्यवस्था मान्य आहे. तुझा पहिला लिफाफा काल पोचला आणि कपाटात ठेवला आहे. अटींत वाचू नये असे म्हटलेले नव्हते, म्हणून वाचला. खिडकीच्या प्रकरणावर मत देत नाही.

तुझी वहिनी विचारते की चालायला जातेस का, आणि एकटी जातेस की कुणाबरोबर.

दादा


३ एप्रिल

प्रिय दादा,

फाड! फाड फाड फाड. अरे, त्या बिचाऱ्या स्टोअरकीपरने वारा येतो म्हणून खिडकी लावली, आणि मी पाच पानं लिहिली की मला गुदमरवून मारायचा कट आहे! पाचव्या पानावर "मानवतेला काळिमा" असंही आहे ना? असणारच.

पण बघ, आज कुणाची माफी मागायची नाही. सकाळी कार्यशाळेत शिरले तर स्टोअरकीपर म्हणाला, "बाई, आज खूश दिसताय." त्याला काय माहीत, त्याच्यावर फौजदारी होता होता राहिली!

चालणं सुरू आहे, एकटीच, नदीकाठच्या रस्त्याने. गेल्या महिन्यापेक्षा बरं आहे, संपलेलं नाही. वहिनीला सांग की चहा दोन कपांवर आणलाय, आणि हेच सगळ्यात अवघड गेलं.

एक मात्र गंभीर आहे. संचालकांच्या डोक्यात दुसरी चाचणी बंद करायचं आहे. तुला म्हणून सांगते: पाय गेलेल्या माणसाला आम्ही आधी कच्चा पाय बसवून चालवतो, ती पहिली चाचणी. मग तो काही आठवडे वापरतो. तेवढ्यात उरलेल्या पायाची सूज उतरते, तो बारीक होतो, आणि सॉकेट, म्हणजे पाय ज्यात बसतो ती वाटी, सैल पडते. म्हणून दुसरी चाचणी आणि मगच पक्का पाय. ते म्हणतात, एकाच चाचणीत पक्का पाय द्यायचा, म्हणजे रांग लवकर सरकेल. रांग मोठी आहे हे खरं आहे, माणसं वर्षभर थांबतात. पण सैल वाटीचा पाय घेऊन ती चालणार कशी? दोन-तीन जणांवर प्रयोग चालू आहे. बघू.

धाकटी


१८ मे

दादा,

सोबतचं पत्र आमच्या कार्यशाळेच्या विश्वस्तांच्या कचेरीत नेऊन दे. कचेरी तुमच्याच शहरात आहे, तुझ्या ऑफिसपासून दोन रस्ते पलीकडे. लेखी हरकत सभेआधी तिथेच समक्ष द्यावी लागते. संचालकांच्या हाती दिली तर ती तिथेच झोपेल. सभा पुढच्या सोमवारी इथे कार्यशाळेत आहे आणि त्यात तो दुसऱ्या चाचणीचा ठराव आहे.

प्रयोगातली एक बाई काल आली. बसवर कंडक्टर आहे. एका चाचणीत पक्का पाय दिला होता. वाटी सैल, घर्षणाने जखम, जखमेत पू. आता पुन्हा कुबड्या. आणि संचालक तिला म्हणतात, "सवय होईल." सवय!! त्यांना एक बूट सैल देऊन रोज बारा तास बसमध्ये उभं करा म्हणावं!!! मी हात थरथरत लिहितेय, अक्षर बघतोच आहेस. ताबडतोब दे. ताबडतोब.

धाकटी


२१ मे

प्रिय धाकटे,

तुझा लिफाफा काल मिळाला. आपल्या व्यवस्थेप्रमाणे कपाटात ठेवला आहे.

हे पत्र तू कोणत्या दिवसांत लिहिले आहेस हे मला तारखेवरून समजते, आणि "ताबडतोब" या शब्दाबाबत तुझी स्पष्ट सूचना मजजवळ लेखी आहे. पत्राचा स्वर नेहमीपेक्षाही चढा आहे. संचालकांना उद्देशून वापरलेली तीन विशेषणे कोणत्याही सभेपुढे जाण्याजोगी नाहीत. फोन करून विचारावे असे तुझ्या वहिनीचे मत पडले, पण त्या दिवसांत फोन नको ही अटही तुझीच आहे. तरी शांतपणे चालायला जावे, झोप पुरी घ्यावी. पाळी आल्यावर "पाठव" असे कळवलेस तर त्याच दिवशी देईन.

तुझी काळजी वाटते.

दादा

ता. क. मला वाटतं द्यायला हवं होतं. त्या बाईच्या जखमेचं पत्रात आहे, ते काही खिडकीसारखं नाही. पण तुझे दादा म्हणजे नियम म्हणजे नियम. किल्ली त्यांच्या खिशात. — वहिनी


२९ मे

दादा,

तुझं एकवीस तारखेचं पत्र मला सभेच्या दुसऱ्या दिवशी मिळालं.

सभेला आम्हा कामगारांना बाहेर बसवतात. दार उघडलं तेव्हा संचालक हसत बाहेर आले. ठराव मंजूर. "कार्यशाळेकडून कोणतीही लेखी हरकत आलेली नाही" असं कामकाजात लिहिलं गेलं. मी उभीच राहिले. मला वाटलं, दादाने पत्र दिलंय आणि कुणीतरी लपवलं. मी विश्वस्तांच्या कारकुनाला सगळ्यांसमोर खोटारडा म्हटलं. तो म्हणाला, "बाई, आवक नोंद बघा, तुमच्या नावाचं काही नाही." आणि संचालक जाता जाता म्हणाले, "या महिन्यात तुमचा राग पोस्टात अडकला वाटतं." सगळे हसले. त्यांना हे दिवस कळतात, दादा. त्यांनी कधीच ओळखलंय. मी ओळखायच्या आधीपासून.

दुसऱ्या दिवशी कामावरून घरी आले तर दारात तुझं पत्र. "शांतपणे चालायला जावे."

आज पाळी येऊन तीन दिवस झाले. आभाळ मोकळं आहे. माझा हात थरथरत नाही, अक्षर बघ. आणि मी अजूनही तेच म्हणते आहे. दुसरी चाचणी बंद केली तर माणसांचे पाय दुसऱ्यांदा जखमी होतील. अठरा तारखेला हे जेवढं खरं होतं तेवढंच आज आहे.

तुला समजलं नसेल तर समजावून सांगते, एकदाच. ते दिवस म्हणजे डोळ्यावर भिंग लावल्यासारखे आहेत. धुळीचा कण दगडाएवढा दिसतो. पण कधी कधी समोर खरोखरच दगड असतो. तू पत्रात काय लिहिलंय ते बघितलं नाहीस, ते कोणत्या दिवशी लिहिलंय ते बघितलंस. संचालकही तेच करतात. त्यांचं मला काही वाटत नाही. तुझं वाटतं.

अट माझीच होती, हे मला माहीत आहे. तू नियमाप्रमाणे वागलास. म्हणूनच इतकी चिडलेय की कुणावर चिडावं ते कळत नाही.

धाकटी


२ जून

प्रिय धाकटे,

तुझे पत्र मी ऑफिसात वाचले. त्यानंतर दुपारपर्यंत एकही दावा तपासू शकलो नाही.

माझ्या टेबलावर दररोज माणसे ओरडतात. कुणाचे दुकान जळालेले असते, कुणाचे वाहन उलटलेले असते. माणूस ओरडला म्हणून त्याचा दावा खोटा, असे मी एकदाही ठरवलेले नाही. हाताखालच्या मंडळींना मी हेच शिकवतो. जळालेली भिंत बघून या, मग बोला, असे सांगतो. तुझ्या पत्राच्या बाबतीत मी भिंत बघायला गेलो नाही. दोन रस्ते पलीकडेही गेलो नाही. अटीकडे बोट दाखवून मला यातून सुटता येणार नाही. अट तुझ्या रक्षणासाठी होती आणि मी ती तुझ्याविरुद्ध वापरली. मी चुकलो.

आता उपाय. विश्वस्तांच्या नियमावलीत (ती मी काल मागवून वाचली) अशी तरतूद आहे की हरकत देणाऱ्याचा दोष नसताना उशीर झाला असेल, तर अध्यक्ष विशेष सभा बोलावू शकतात. त्यासाठी उशिराचे कारण लेखी द्यावे लागते. मसुदा सोबत आहे. त्यात "हरकतदार प्रकृतीच्या कारणामुळे" असे शब्द आहेत. ते खरे आहेत, पण ते वाचून सभेत कोणते हसू उमटेल हे आता मला कळते. ते शब्द गाळले तर कारण अपुरे राहते. खोटे कारण मी लिहू शकत नाही. काय करावे ते तू सांग. तुझ्या संमतीवाचून या वेळी एक अक्षरही घराबाहेर जाणार नाही, आणि तुझी संमती आल्यावर एक तासही राहणार नाही.

दादा

ता. क. दोन दिवस जेवणावर लक्ष नाही यांचं. मी म्हटलं, "असू दे, थोडं लागलेलं बरं." पण तू फार ताणू नकोस गं. — वहिनी


६ जून

प्रिय दादा,

वहिनीला म्हणावं, ताणत नाही. तुझं "मी चुकलो" मी कापून आरशाला लावणार होते, पण त्याच्या मागच्या बाजूला नियमावली होती.

मसुद्यातून माझी प्रकृती काढ. प्रकृती माझी आहे. ती सांगायची की नाही, कुणाला आणि कोणत्या शब्दांत, हे मी ठरवीन. कारण लिही की पत्र तुझ्याकडे होतं आणि तू दिलं नाहीस. ते खरं आहे आणि पुरेसंही आहे. तुझी अब्रू जाईल थोडी. जाऊ दे. माझी दर महिन्याला जाते, मी मेले नाही.

दोन महिन्यांची टिपणं बघून डॉक्टरीणबाईंनी नक्की केलं की हेच आहे. त्या दिवसांपुरती एक गोळी सुरू केलीय. भिंग गेलं नाही, पण थोडं लहान झालंय.

सभा मिळाली तर ती कोणत्या दिवसांत येईल याचा विचार करू नकोस. मी करतेय.

धाकटी


९ जून

माननीय अध्यक्ष, विश्वस्त मंडळ यांस,

मी खाली सही करणार विमा कंपनीत दावे विभागाचा प्रमुख असून आपल्या कार्यशाळेत मापे घेणाऱ्या श्रीमतींचा थोरला भाऊ आहे. दुसरी चाचणी बंद करण्याच्या ठरावावरील त्यांची लेखी हरकत त्यांनी सभेच्या आठवडाभर आधी, आपल्या कचेरीत देण्यासाठी, माझ्याकडे पाठवली होती. ती मी दिली नाही. न देण्याचा निर्णय माझा होता आणि तो चुकीचा होता. हरकतदारांकडून विलंब झालेला नाही.

मूळ हरकत सोबत जोडली आहे. तिची भाषा तीव्र आहे. तिच्यातील माहितीची मी कंडक्टरबाईंना व त्यांच्या डॉक्टरांना समक्ष भेटून पडताळणी केली आहे. ती खरी आहे. नियमाप्रमाणे विशेष सभा बोलावण्याची विनंती आहे.

आपला,
हरकतदारांचा थोरला भाऊ


१७ जून, संध्याकाळ

प्रिय दादा,

सभा झाली. आणि हो, त्याच दिवसांत. सकाळी साडीच्या निऱ्या जमेनात म्हणून रडले. मग ड्रेस घातला आणि गेले.

तू कंडक्टरबाईला भेटून गेलास आणि मला सांगितलंही नाहीस! ती म्हणाली, "तुमचे भाऊ आले होते. खुर्चीत ताठ बसले आणि 'जखमेची खोली काय?' विचारलं. मला वाटलं, विमा उतरवायला आले." ती आली होती, कुबड्यांवर.

अध्यक्ष म्हातारे आहेत, पण कान तिखट. त्यांनी तुझं पत्र वाचून दाखवलं. संचालक म्हणाले, "महोदय, ही भाषा बघा. बाईंचा स्वभाव आम्हाला परिचित आहे. महिन्यातून एकदा अशी वादळं येतात." आणि हसले. एक-दोघं हसले.

मी ठरवून गेले होते की बोलणार नाही. पण उभी राहिले. म्हटलं, "संचालकसाहेब बरोबर सांगतात. पाळीच्या आधी मला त्रास होतो. डॉक्टरांचं औषध चालू आहे. आजही त्याच दिवसांतला दिवस आहे, म्हणून आवाज चढला तर सांभाळून घ्या. पण माझा आवाज चढला म्हणून यांच्या पायाला जखम झालेली नाही. माझं राहू द्या बाजूला. ती जखम बघा."

विश्वस्तांमधल्या एकुलत्या एक बाई, मुख्याध्यापिका आहेत, मला वाटलं त्या तरी मान हलवतील. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी आम्ही असलं सभेत बोलत नव्हतो." माझे कान तापले. तेवढ्यात कंडक्टरबाई म्हणाली, "बोलत नव्हतात म्हणून होत नव्हतं का हो बाई?" आणि लगेच अध्यक्षांकडे वळली: "साहेब, माझी चाचणी खुर्ची ते दार एवढीच झाली. मी काही खुर्चीत बसून तिकिटं फाडत नाही. बस वळते तेव्हा मी एका पायावर असते, आणि तो पाय या कार्यशाळेचा असतो." अध्यक्षांनी पट्टी सोडायला सांगितलं. सोडली. मग कुणी हसलं नाही. मुख्याध्यापिकाबाई उठून जवळ आल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. मतदानात पहिला हात त्यांचा वर गेला. माझ्याकडे मात्र त्यांनी अजूनही बघितलेलं नाही.

ज्यांना पहिल्यांदा पाय मिळतोय, त्यांना दुसरी चाचणी राहिली. जुन्यांना, ज्यांच्या उरलेल्या पायाचा आकार आता बदलत नाही, त्यांना एकच. ते मला मान्य आहे, त्याने रांगही थोडी सरकेल. कंडक्टरबाईचा पाय नवा करायचा आणि चाचण्या मी घ्यायच्या. कार्यशाळाप्रमुखाच्या जागेसाठी माझं नाव होतं. ते आता घेतील असं वाटत नाही. सभेत पाळी म्हणणाऱ्या बाईला प्रमुख करायला अजून वेळ लागेल. घरी येऊन त्याचं रडूनही झालं.

संचालक जिन्यात भेटले. माफी वगैरे नाही. म्हणाले, "मग वर्षभराच्या रांगेचं मी काय करू, तेही सांगा." प्रश्न खरा आहे त्यांचा. मी म्हटलं, "बसू या पुढच्या आठवड्यात. या आठवड्यात नको, आपल्या दोघांच्या तब्येतीला." ते चक्क "बरं" म्हणाले.

आता आपल्या व्यवस्थेचं. मोडायची नाही, पण दुरुस्ती कर. पत्रं तुझ्याकडेच पाठवीन. धरून ठेवायची नाहीत. वाचायची आणि लगेच मला फोन करून विचारायचं, "यातलं खरं किती आणि नुसतं मोठं किती?" मी चिडून सांगीन, पण सांगीन. "जरा शांत हो" मात्र अजूनही बंद.

तुझी धाकटी


प्रिय धाकटे,

तुझा परवाचा लिफाफा आज सकाळी मिळाला. चाचणीच्या खोलीतील, रुग्णांनी धरून चालण्याचे कठडे काढून तेथे सामान भरल्याबद्दलची तुझी तक्रार मी वाचली. ती फार मोठ्या आवाजातील आहे.

दुरुस्त अटीप्रमाणे तुला फोन केला. कठडे खरोखर काढले आहेत असे तू सांगितलेस, स्टोअरकीपरनेही मागून ओरडून सांगितले. दुसऱ्या पानावरील संचालकांविषयीच्या ओळीबाबत मी विचारले. ती नुसती मोठी आहे, पण राहू दे, असे तू म्हणालीस आणि फोन ठेवलास. मी टोपी घालून निघालो असता तुझा पुन्हा फोन आला की तेवढी ओळ काढ. काढली. बाकी पत्र जसेच्या तसे आहे. उद्गारचिन्हे मोजली नाहीत.

वहिनी सोबत आली होती. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघांनी ते विश्वस्तांच्या कचेरीत दिले. कारकुनाने पाकिटावरील तुझे नाव वाचून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "या वेळी वेळेवर?" मी "होय" म्हणालो.

पोच सोबत आहे.

तुझा दादा
विश्वस्तांच्या कचेरीबाहेरील बाकावरून
१७ जुलै